रतीब

सातापा चौगले वडणग्यातून निघतो पावणेपाचला.
शिवाजी पुलावर त्याच्या एम-एटीचा दिवा
रोज त्याच खड्ड्यात विझतो, पुन्हा लागतो.
मग तोरस्कर चौक, उत्तरेश्वर, गंगावेश,
मिरजकर तिकटीला कॅन हलके होतात,
आणि शेवटी राजारामपुरी:
अकरावी गल्ली, तिसरी, मग आठवी.
अकरावी आधी, कारण तिथल्या नर्सबाईंची ड्यूटी सातची.

पावसात त्याची वही भिजली, म्हणून मी ॲप लिहून दिलं.
जावास्क्रिप्टमधली साधी वस्तू,
दोन महिरपी कंसांत मावणारी,
डाव्या हाताला पत्ता, उजव्या हाताला लिटर.
वहीतल्या क्रमानं एकेक ओळ मी स्वतः भरली
आणि पहाटे मोबाइलनं सांगितलं:
तिसरी. आठवी. अकरावी.
मग तोरस्कर चौक.

सातापा भला माणूस. मशीन सांगतंय म्हणून गेला
पेठा ओलांडून, झोपलेल्या दारांसमोरून,
भरले कॅन घेऊन थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला.
तो परत येईतो उत्तरेश्वरात अक्काताई शिंत्रे
पातेलं घेऊन उंबऱ्यात उभ्या,
आत चहा काळाच.

"नंबर हाय म्हणून म्होरं?" त्यानं विचारलं.
"त्यो काय आमदार हाय?"

मला उत्तर माहीत होतं, तेच लाजिरवाणं.
आकड्यासारखी दिसणारी किल्ली ही भाषा
आधी उचलते, चढत्या क्रमानं,
कधी आलीस ते न विचारता.
अक्षरांची नावं तिच्या मागे,
पण आपापल्या येण्याच्या क्रमानं.
पूर्वी तर बजावून सांगायचे,
क्रमाची हमी नाही, विसंबू नका.
सगळे विसंबलेच.
नियमानं मागाहून, हळूच, मान डोलावली.

मी प्रत्येक आकड्याआधी एक 'ग' लावला.
ग११. ग३. ग८.
एवढ्यानं माज उतरला,
गल्ल्या मुकाट शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

मग आम्ही बसलो वहीतल्या खाडाखोडीवर.
तोरस्कर चौकातले घोरपडे सर वारले,
त्यांच्यापुढे शून्य, पण नाव शाबूत.
"काढून टाकू?"
"नगं. लेक येनार हाय बाळंतपणाला."
लेक आली. शून्याचं दीड झालं.
जागा तीच, पहिली.

गंगावेशीतल्या वणकुद्र्यांनी मात्र पिशवीचं दूध धरलं
आणि चार महिन्यांनी परतले.
जुन्या ओळीवर काट,
नवं नाव पार तळाला, आठव्या गल्लीच्याही खाली.
"घर तर वाटेवरच आहे," मी म्हणाले.
"असू दे की. रतीब मोडला न्हवं?"

मी त्याला दाखवणार होते:
किंमत बदला, किल्ली जागेवर राहते.
किल्ली पुसा, पुन्हा लावा, शेवटी जाते.
कुठल्याशा समितीनं हे कागदावर आणायच्या कितीतरी आधी
त्याच्या बापानं शिसपेन्सिलीनं हेच पाळलं होतं.
नाही दाखवलं.
त्याला कॅन विसळायचे होते.

एक ओळ भरायची राहिली होती.
सहा वर्षं आम्ही पुण्यात, घर बंद,
आईनं जाताना रतीब तोडलेला.
शुक्रवार पेठेतलं दार, पुलाकडून येताना
सातापाच्या अगदी डाव्या हाताला.
मी आडनाव टाइप केलं, अर्धा लिटर,
आणि ते कुठे बसतं ते बघत राहिले.

पाचच्या सुमाराला त्याची गाडी माझ्या दारावरून जाते.
अंथरुणातूनच ऐकते मी, कॅनची कडी वाजते ती.
दूध येतं सव्वाआठला,
त्याच्या परतीच्या वाटेवर,
वणकुद्र्यांच्या नंतर.